नी-ऑलेसुंडला जाताना काय काय बंद करावं लागतं

नी-ऑलेसुंड हे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांवरचं संशोधकांचं गाव; तिथं तिकीट काढून जाता येत नाही. त्या बेटांवरचं मुख्य गाव लाँगइअरबायन; तिथून जाणारं एक छोटं विमान आहे, पण त्यातली जागा गावाचा कारभार पाहणाऱ्या किंग्ज बे कंपनीमार्फतच मिळते. तुमचं तिथं काम काय, तुम्ही कोणत्या केंद्रात उतरणार आणि परत कधी जाणार, हे सगळं कंपनीला त्याआधी कळलेलं असावं लागतं. हिमालयातल्या हिमनद्यांवर काम करताना परवानगी म्हणजे प्रवेशाचा कागद, एवढीच माझी समजूत होती. इथं परवानगी म्हणजे तुमच्यासकट तुमच्या प्रत्येक वस्तूची चौकशी.

गाव स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गेन बेटावर, काँग्सफ्योर्ड या समुद्राच्या खाडीच्या (फ्योर्डच्या) दक्षिण काठावर आहे. अक्षांश ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर; ध्रुव तिथून सुमारे १,२३० किलोमीटर. हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं असतात, उन्हाळ्यात शंभराच्या वर जातात. कुणीच तिथलं कायमचं नसतं, सगळे कामापुरते. नॉर्वे, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स, इटली, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत अशा दहा देशांच्या संस्थांची तिथं केंद्रं आहेत. आपलं केंद्र ‘हिमाद्री’ १ जुलै २००८ ला सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी भारताची पहिली आर्क्टिक मोहीम जाऊन आली होती. बरीच वर्षं हिमाद्री उन्हाळ्यापुरतंच चालायचं. डिसेंबर २०२३ पासून हिवाळी तुकड्याही जाऊ लागल्या.

या गावाला पाहुण्यांचं वावडं नाही. पण इथं जे मोजलं जातं ते इतकं नाजूक आहे की आलेला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी मोजमापात चूक म्हणून उमटू शकतो. त्याचा धूर उमटतो, त्याच्या फोनच्या लहरी उमटतात, त्याच्या बुटांना चिकटलेलं बी उमटतं. माझा विषय काजळीचा होता. हवेतली आणि बर्फावर बसलेली काजळी किती, आणि ती कुठून येते, हे पाहायचं होतं. त्यामुळे हा मुद्दा मला इतरांपेक्षा थोडा लवकर पटला.

सुरुवात गोव्यातून होते. वास्कोला हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. सगळे त्याला एनसीपीओआर म्हणतात. भारताची आर्क्टिक मोहीम तिथून चालते. प्रस्ताव मागवले जातात, समिती बसते, सादरीकरण होतं. मी हवेच्या नमुन्यांबद्दलच्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. प्रश्न आलेही, पण त्याहून जास्त प्रश्न आले ते वजन, वीज आणि माणसं यांवर. उपकरण किती वॅट घेतं? पंप रात्री चालू राहणार का? दोन माणसं कशाला, एकाचं काम हिमाद्रीतला दुसरा कुणी करू शकेल का? सुरुवातीला मला हे कारकुनी वाटलं. पण एरवी आठ जणांची सोय असलेल्या घरात एक पलंग जास्त अडवणं म्हणजे दुसऱ्याचा प्रकल्प एक वर्ष पुढे ढकलणं, हे त्या खोलीत बसलेल्यांना ठाऊक होतं.

इथून होकार आला म्हणजे निम्मा रस्ता झाला. पुढे नॉर्वेची बाजू. स्वालबार्डमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या संकेतस्थळावर नोंद करायची असते. ती नोंद सगळ्यांना दिसते. काय मोजणार, कुठे, कधी, कोणत्या उपकरणानं, आकडे नंतर कुठे ठेवणार, हे सगळं त्यात असतं. मला ही पद्धत फार आवडली. अर्ज भरता भरताच कळलं की काजळीवर तिथं इटलीचे, जर्मनीचे आणि स्वीडनचे लोक आधीपासून काम करताहेत. त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, आमची एक जागा बदलली, एक मोजमाप आम्ही सोडूनच दिलं, कारण ते दुसरीकडे वर्षानुवर्षं चालू होतं. एकच काम दोघांनी करू नये, हा नॉर्वेचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे.

त्याच संकेतस्थळातून स्वालबार्डच्या गव्हर्नरकडे अर्ज जातो. बर्फाचे नमुने घेणं, जमिनीत काही रोवणं, हेलिकॉप्टर उतरवणं, पक्ष्यांच्या राखीव बेटांजवळ जाणं, प्रत्येकाला वेगळी परवानगी. पक्षी अभयारण्यं १५ मे ते १५ ऑगस्ट पूर्ण बंद असतात. १९४६ च्या आधीची माणसाच्या हातची कुठलीही खूण आपोआप संरक्षित वारसा ठरते. गंजलेला खिळा असो की कोळशाच्या वाघिणीचं चाक, उचलायचं नाही, हलवायचंही नाही. आम्हाला बर्फात खुणेच्या काठ्या रोवायच्या होत्या. किती, किती लांबीच्या, आणि त्या परत कोण आणि कधी काढणार, तेही लिहून द्यावं लागलं.

१९२० च्या स्वालबार्ड करारावर भारताची सही आहे. ती ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून झालेली, पण आहे. त्यामुळे आपल्याला तिथं जाण्याचा जणू हक्कच आहे असं काही जण ऐटीत सांगतात. प्रत्यक्षात सार्वभौमत्व नॉर्वेचं आहे, आणि हिमाद्रीची इमारत आपण किंग्ज बेकडून भाड्यानं घेतलेली आहे. इतर देशांचंही तसंच. भाडेकरूनं घरमालकाचे नियम पाळायचे असतात.

मग आली रेडिओची यादी. तिच्यावर जरा थांबते, कारण सगळ्या तयारीत माझा सर्वांत जास्त वेळ तिनं खाल्ला.

नी-ऑलेसुंडच्या भोवती २० किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात लहरी सोडणारं काहीही चालू ठेवायला मनाई आहे. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं, ब्लूटूथ २.४ वर. म्हणजे दोन्ही बंद. कारण गावाच्या बाहेर नॉर्वेच्या भूमापन खात्याची वेधशाळा आहे. तिथल्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांचे, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे, रेडिओ संकेत ऐकतात. तोच संकेत जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अँटेनालाही मिळतो. दोन्हीकडे तो पोचण्याच्या वेळेतला फरक मोजला की दोन ठिकाणांमधलं अंतर मिलिमीटरच्या हिशेबात कळतं. त्यावरून खंड किती सरकले, पृथ्वीची गिरकी किती मंदावली, स्वालबार्डची जमीन बर्फाचं ओझं उतरल्यामुळे किती वर येतेय, हे सगळं काढतात. क्वेसारचा संकेत इतका क्षीण असतो की त्याच्यापुढे कुणाच्या मनगटावरचं घड्याळ म्हणजे मैफिलीत आलापी चालू असताना कानाशी वाजलेला ताशा.

तर यादी. लॅपटॉप, फोन हे उघडच. त्यानंतर बिनतारी माउस, पावलं मोजणारं घड्याळ, कानातले हेडफोन, फोटो आपोआप फोनवर पाठवणारा कॅमेरा, तापमानाचे बिनतारी संवेदक. ड्रोन न्यायचा विचार एका सहकाऱ्यानं बोलून दाखवला. त्याचं नियंत्रणच या पट्ट्यात चालतं, वर धावपट्टीही जवळ, म्हणून तो विषय तिथंच संपला. खरी अडचण निघाली कण मोजणाऱ्या यंत्राची. त्याच्या आत ब्लूटूथचा तुकडा होता आणि पडद्यावर तो बंद करायची सोयच नव्हती. बनवणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं की वापरलं नाही तर ते काही करत नाही. पण ‘काही करत नाही’ म्हणजे लहर सोडत नाही असं होत नाही. शेवटी यंत्र उघडून तो तुकडा काढून टाकला आणि तसं लिहून पाठवलं. एखाद्या यंत्राला लहरी सोडल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर नॉर्वेच्या दूरसंचार प्राधिकरणाकडे सवलत मागता येते. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

व्हीएचएफ वॉकीटॉकी मात्र चालतात, कारण त्या १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. इरिडियमचा उपग्रह फोनही १.६ गिगाहर्ट्झवर, म्हणजे पट्ट्याच्या खाली. जीपीएस नुसतं ऐकतं, बोलत नाही. हा तक्ता एकदा डोक्यात बसला की नियम जाचक वाटेनासे होतात. काय चालेल आणि का, हे स्वतःलाच सांगता येतं.

बाकीचं पटापट. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तिथं जायचं तर ऑस्लो किंवा ट्रॉम्सो ओलांडावंच लागतं आणि त्यासाठी शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा हवा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यानं तिकडे गेलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. म्हणून व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा पाहिजे; एकदाच प्रवेशाचा घेतला तर परतीची वाट बंद. वैद्यकीय तपासणी कडक असते, कारण नी-ऑलेसुंडला डॉक्टर नाही. लाँगइअरबायनला छोटं रुग्णालय आहे आणि गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोला हलवतात. दातांची तपासणी मी आपणहून करून घेतली. हवामान बिघडून विमानं थांबलेली असताना दाढ ठणकणं मला परवडणारं नव्हतं. शोध आणि बचावकार्य धरून विमा काढायचा. यंत्रं मालवाहतुकीनं आधीच पुढे जातात, त्यांच्यासाठी सीमाशुल्काचे कागद वेगळे, लिथियम बॅटऱ्यांचे त्याहून वेगळे.

लाँगइअरबायनला विमान बदलायचं. पुढचं विमान दोन पंख्यांचं डॉर्निअर, आत मोजकी माणसं. सामान तोलतात आणि वजनाची मर्यादा सैल सोडत नाहीत. जड बूट पायात आणि जाडं जाकीट अंगात, हा सगळ्यांनाच माहीत असलेला उपाय. अर्ध्या तासाच्या आत विमान हिमनद्यांवरून घसरत काँग्सफ्योर्डच्या काठी खडीच्या धावपट्टीवर उतरतं. फोन आणि लॅपटॉप विमानात बसण्याआधीच विमान मोडवर टाकायचे आणि तसेच ठेवायचे. गावात इंटरनेट आहे, चांगलं वेगवान आहे, समुद्राखालून आलेल्या ऑप्टिकल फायबरवर चालतं. फक्त वायर लावून बसायचं. लॅपटॉपला तारेचं तोंड नसेल तर जोडणी (अडॅप्टर) सोबत न्या. ती मी नेली होती आणि तिच्यासाठी लोक दार ठोठावत यायचे.

दार ठोठावत, हे बोलण्यापुरतं. दारांना कुलपं लावत नाहीत. अस्वल रस्त्यात दिसलं तर जे दार जवळ असेल त्यात शिरता यावं म्हणून. आल्या आल्या जी माहिती देतात त्यात हे पहिल्या काही मिनिटांत येतं. सोबत बूट दाराशी काढण्याचा नियम, जो खाणकामगारांच्या काळापासूनचा आहे; कोळशाची धूळ घरात नको म्हणून. आणि रस्ता सोडायचा नाही. उन्हाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी असतात. घरटी कसली, खडीतच दिलेली अंडी. जवळून गेलं की पक्षी डोक्यावर झेपावतो आणि टोचतो. तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो, म्हणून काठी डोक्याच्या वर धरून चालायचं. पहिल्या दिवशी काठ्या उंचावून नाश्त्याला निघालेले गंभीर चेहऱ्याचे शास्त्रज्ञ पाहून मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून मीही त्या मिरवणुकीत.

नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण एकाच ठिकाणी. सगळ्या देशांची माणसं एकाच भोजनगृहात, ठरलेल्या वेळी. शनिवारी रात्री लोक बरे कपडे घालून येतात. तेवढ्यासाठी एक इस्त्रीचा सदरा वजनाच्या मर्यादेत बसवलेले महाभाग पाहिले. सुविधांच्या यादीत भोजनगृह कुठेतरी खाली असतं, पण माझ्या मते गावातली सर्वांत उपयोगी सोय तीच आहे. जर्मन-फ्रेंच केंद्राचे लोक रोज हवामानाचा फुगा सोडतात. हवेच्या कोणत्या थरात तापमान उलटं झालंय, म्हणजे वर जाताना गार होण्याऐवजी वाढतंय, हे त्यातून कळतं, आणि आमची काजळी जमिनीलगत कोंडली गेलीय की वरून आलीय हे समजायला नेमकं तेच लागतं. ते आकडे मागायला मी पत्र लिहिणार होते. सूप वाढून घेताना मागितले आणि मिळाले.

हिमाद्री म्हणजे लाकडी घर. चार शयनकक्ष, बैठकीची खोली, संगणकाची खोली, भांडार. राहायला उत्तम, उबदार. मोठी यंत्रं मात्र या घरात नाहीत. समुद्राच्या पाण्यावर काम करणाऱ्यांसाठी बंदराजवळ सामाईक सागरी प्रयोगशाळा आहे, आणि आपल्या लोकांनी २०१४ च्या जुलैत काँग्सफ्योर्डच्या पाण्यात १९२ मीटर खोलीच्या जागी ‘इंडार्क’ ही वेधशाळा नांगरली, तिचं कामही तिकडूनच चालतं. हवेवर काम करणाऱ्यांची जागा ग्रुवेबाडेट. गावाच्या दक्षिणेला, खाणकामगारांचं हे जुनं स्नानगृह. तिथं आता इटालियन आणि भारतीय यंत्रं छतावरच्या नळ्यांमधून हवा आत ओढतात.

ग्रुवेबाडेट गावापासून लांब आहे त्यामागे कारण आहे. नी-ऑलेसुंडची वीज डिझेलवर चालते. जगातल्या अतिशय स्वच्छ हवेचं मोजमाप करायचं आणि त्या यंत्रांना वीज पुरवायला डिझेल जाळायचं, ही विसंगती तिथं कुणी लपवत नाही, आणि मलाही त्यावर भाषण करायचं नाही. उपाय म्हणजे वाऱ्याची दिशा. वारा गावाकडून आला की त्या वेळचे आकडे बाजूला. हिवाळ्यात या बाजूला स्नोस्कूटर न्यायला बंदी असते. उन्हाळ्यात गाडी न नेता चालत जायचं. फिल्टर बदलायला जाताना मी वाऱ्याच्या खालच्या बाजूनं जायचे आणि आत गेल्यावर घड्याळ पाहून नोंद करायचे: आले, दार उघडलं, दार लावलं.

गावाची हद्द ओलांडायची तर बंदूक. बंदुकीचं मला कौतुक नाही, पण हे प्रशिक्षण मी कधी विसरणार नाही. आधी वर्गात अस्वलाबद्दल. ते कसं वागतं, वास कसा घेतं, कुतूहल कोणतं आणि भूक कोणती. १९७३ पासून स्वालबार्डमध्ये पांढरी अस्वलं संरक्षित आहेत. अस्वल मारलं गेलं तर गव्हर्नरचं कार्यालय चौकशी करतं, आणि ते टाळता आलं असतं का, हा पहिला प्रश्न असतो. म्हणून सगळा भर टाळण्यावर. लांबून पाहा, वाट बदला, मागे फिरा. नाहीच जमलं तर आवाज आणि उजेडाचं पिस्तूल, तेही अस्वलाच्या पुढ्यात पडेल असं. मागे पडलं तर ते दचकून तुमच्याच दिशेनं येईल. रायफल अगदी शेवटी. मग चांदमारीच्या जागी प्रत्यक्ष सराव. खांद्याला दणका बसतो, कानात बोळे असूनही डोकं घुमतं. गावात शिरताना रायफल रिकामी पाहिजे आणि ती रिकामी आहे हे दुसऱ्यालाही दिसलं पाहिजे. परीक्षेत मी नेम धरण्यात बेताची ठरले, पण बंदूक सुरक्षित हाताळण्यात चांगली. शिकवणाऱ्याच्या लेखी दुसरी गोष्ट महत्त्वाची होती.

मिड्रे लोवेनब्रीन ही हिमनदी गावाच्या आग्नेयेला आहे. तिचं वजन दरवर्षी किती घटतं किंवा वाढतं हे १९६८ पासून मोजताहेत. शेजारच्या ऑस्ट्रे ब्रॉगरब्रीनचं त्याच्या आदल्या वर्षापासून. आमचे बर्फाचे नमुने तिथले. निघण्याआधी कुठे, कोण, कोणत्या वाटेनं आणि किती वाजता परत, हे लिहून ठेवायचं. ती वेळ टळली की शोध सुरू होतो, म्हणून वेळ घालताना सैल घालायची आणि मग काटेकोर पाळायची. वाटेत वितळलेल्या पाण्याचे ओहोळ असतात. सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत चढतं. वर पोचल्यावर एकानं नमुने घ्यायचे आणि दुसऱ्यानं नुसतं आजूबाजूला पाहत उभं राहायचं. हे उभं राहणं कंटाळवाणं आणि अत्यंत थंड काम आहे. नमुने घेणारा वाऱ्याकडे तोंड करून, हातमोजे घालून, स्वच्छ स्टीलच्या खोऱ्यानं बर्फ पिशवीत भरतो. माझ्या जाकिटाचा एक धागा त्या पिशवीत पडला तरी प्रयोगशाळेत तो कार्बन म्हणूनच मोजला जातो.

एकदा आम्ही पाठीवर सामान चढवून निघालो आणि वॉकीटॉकीवर निरोप आला की त्या बाजूच्या किनाऱ्यावर अस्वल दिसलंय. मागे फिरलो. ते दोन दिवस तिकडेच रेंगाळलं आणि आमचा त्या आठवड्याचा बेत गेला. कुणी हळहळलं नाही, गावात याला कुणी अडचण समजत नाही. वेळापत्रक अस्वलानुसार.

पर्यटकही येतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी शिस्त आहे. ते जहाजानं येतात, काही तासांसाठी धक्क्यावर उतरतात. उतरण्याआधी जहाजावरच सूचना: फोन विमान मोडवर, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद, रस्त्यावरूनच चालायचं, पक्ष्यांपासून दूर, केंद्रांच्या इमारतींत शिरायचं नाही. पाहायला छोटं संग्रहालय, दुकान, टपाल कार्यालय आणि कोळसा ओढणारी जुनी आगगाडी. चौकात ध्रुवसंशोधक आमुंडसेनचा अर्धपुतळा. गावाबाहेर एअरशिप, म्हणजे फुग्यासारखं हवाई जहाज, दोरानं बांधून ठेवायचा मनोरा आहे. ११ मे १९२६ ला ‘नोर्गे’ तिथून सुटलं आणि आमुंडसेन, एल्सवर्थ, नोबिले आणि मंडळी ध्रुवावरून अलास्काला पोचली. त्या मनोऱ्यापर्यंत जायचं तर बंदूकधारी वाटाड्या लागतो, कारण हद्द संपलेली असते.

एका स्मारकापाशी मात्र पर्यटक फारसे थांबत नाहीत. ५ नोव्हेंबर १९६२ ला इथल्या खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली. पुढच्या वर्षी त्यावरून ऑस्लोत सरकार पडलं आणि खाण कायमची बंद झाली. संशोधनाचं गाव उभं राहिलं ते त्या रिकाम्या घरांत. ग्रुवेबाडेटमध्ये रोज जाणाऱ्या मला हे ठाऊक असायला हवं, असं किंग्ज बेच्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं बजावलं आणि खाणीच्या तोंडापर्यंत चालत नेऊन दाखवलं.

जहाज दिसलं की आमच्यात कुजबुज सुरू व्हायची, आणि ती पर्यटकांबद्दल नसायची, चिमणीबद्दल असायची. १ जानेवारी २०२२ पासून स्वालबार्डच्या सागरी हद्दीत जड इंधन तेल वापरायला बंदी आहे. २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत २०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना मज्जाव आहे. तरी धूर तो धूर; जहाज फ्योर्डात उभं असताना आमच्या यंत्रावरची रेघ सरळ वर उसळायची. आपण पवित्र आणि पर्यटक अपवित्र असा सूर मात्र मला मानवला नाही. ते काही तास थांबतात आणि कडेकडेनं चालतात. आम्ही आठवडेच्या आठवडे राहतो, गरम पाण्यानं अंघोळ करतो, आणि दरवेळी ते विमान आमच्यासाठी उडतं.

हवेचं मोजमाप करणारी झेपेलिन वेधशाळा पाहायची फार इच्छा होती. ती गावाच्या वर ४७४ मीटरवर, तारेवरच्या पाळण्यानं जायचं. गावाचा धूर सहसा खालीच कोंडून राहतो म्हणून ती तिथं बांधली. तिथं जाण्याची परवानगी नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटच्या लोकांकडे मागायची आणि त्यांना सोयीचं असेल तेव्हा, दोन-तीन जणांनी, थोडा वेळ जायचं. वारा सुटला की पाळणा बंद. आमचा नंबर लागला तेव्हा ढग उतरले होते आणि खालचं गाव काही दिसलं नाही. आतल्या तंत्रज्ञानं आमच्या आत येण्याची वेळ वहीत लिहिली. त्याची वही आणि माझी वही अगदी सारख्या निघाल्या, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. तो म्हणाला, आकड्यांतली उसळी समजावून सांगायची वेळ आली की नव्वद टक्के वेळा उत्तर वहीत सापडतं.

परतताना कचरा वेगवेगळा करून द्यायचा, रोवलेल्या काठ्या मोजून परत आणायच्या, रायफल जमा करायची, आणि प्रकल्पाच्या पानावर काम झालं तेवढं नोंदवायचं. नमुने गोठलेले न्यायचे की वितळवून, गाळून फक्त फिल्टर न्यायचे, यावर बरीच चर्चा करून आम्ही फिल्टर निवडले. वजन कमी आणि वाटेत वितळण्याची धास्ती नाही.

घरी आल्यावर आकड्यांची चाळणी. वारा गावाकडून होता ते तास वगळले. जहाज फ्योर्डात होतं ते तास वगळले. मग माझ्या वहीतले, दार उघडलं ते दार लावलं, हे तास. तेही वगळले. उरलेले आकडे प्रकल्पाच्या नोंदीत सांगितलेल्या ठिकाणी ठेवले आहेत, आणि वगळलेलेही शेजारी ठेवले आहेत, प्रत्येकापुढे कारण लिहून.